दहा गोळ्या होईपर्यंत

६ नोव्हेंबर
वरचं ठाणं

ताई,

आधी आईला सांग की मी खाऊनपिऊन सुखी आहे, आणि मग हे पत्र घेऊन कुठेतरी आडबाजूला जा.

दरड कोसळून आता महिना होत आला. पाऊलवाट होती तिथे नुसता कडा उरलाय, घरच्या भिंतीसारखा सरळ. टेलिफोनची तारही वाटेबरोबरच गेली. धरणाच्या या वरच्या ठाण्यावर माणसं दोनच, पहारेकरी म्हणून मी आणि यंत्रं बघायला मिस्तरी. खालशी संबंध राहिलाय तो फक्त रोपवेच्या पाळण्याचा. त्याचाही मधला खांब दरडीने कलला आहे, म्हणून खालच्यांनी बजावलंय की ओझं हलकंच ठेवा आणि माणूस तर बिलकूल बसवायचा नाही. दर शनिवारी ते खाली येतात, थोडं पीठ, रॉकेल आणि पत्रं वर पाठवतात, आमची पत्रं घेतात आणि घरी जातात. घरी! रस्ता उन्हाळ्याशिवाय होत नाही म्हणतात.

पहिल्या आठवड्यात मी त्या पाळण्यात जाऊन बसलो होतो. गंमत नाही करत, खरंच बसलो होतो. ब्रेकची कडी काढणार तेवढ्यात मिस्तरीने मानगूट धरून मला बाहेर ओढलं. तेव्हापासून दोर ओढायच्या चक्राच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली त्याच्या कमरेला. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन यंत्राशी.

आता मुद्दा. कोठीतून सामान जातंय. पिठाचं एक पोतं गेलं, मग साखरेचा डबा गेला. मी रात्रपाळी करून दुपारी झोपतो तेव्हाच हे होतं. अस्वल असणार. भिंतीवर ठाण्याची रायफल आहे, तिच्या दस्त्यावर तुमच्या कारखान्याचा शिक्का पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. काल फळीवर कागद लावून तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एकमेकींना खेटून, पण खुणेच्या वीतभर डावीकडे. तू आयुष्यभर हेच करतेस म्हणून विचारतो, रायफल कशी आहे ते कळायला किती गोळ्या लागतात? काडतुसांचा एकच डबा आहे.

तुझा
बारक्या


१० नोव्हेंबर

बारक्या,

पत्र आज मिळालं. आई दारातच उभी होती, त्यामुळे पाकीट नीट फोडायच्या आधीच मोठ्याने वाचायला सुरुवात करावी लागली. तू तिथे मजेत आहेस, तुझं वजन वाढलंय आणि मिस्तरी छान गाणी म्हणतो, असं तू लिहिलंयस. यापुढे याच्याशी विसंगत काही लिहू नकोस.

तीन गोळ्यांनी काहीही कळत नाही. राग मानू नकोस, आमचे नवे साहेबही तुझ्याच मताचे आहेत. त्यांचं म्हणणं, तीन मारा, जवळ पडल्या की शिक्का मारा आणि पुढची घ्या. मी दहा मारते. त्यामुळे माझ्यापाशी रायफलींची रांग लागते आणि सगळे मला 'दहावाली' म्हणतात. म्हणोत बापडे.

नीट समजून घे. कुठलीही रायफल प्रत्येक गोळी त्याच भोकात घालत नाही. थोडी इकडे टाकते, थोडी तिकडे टाकते, चांगली असली तरी. तीनच मारल्यास तर तिन्ही योगायोगाने एका बाजूला पडू शकतात, आणि योगायोगाने खेटूनही पडतात. मग माणूस खूश होतो किंवा रडतो, दोन्ही फुकटच. दहा मारल्यावर तिचा कल दिसायला लागतो. वीस मारल्यास तर मी पैजेवर सांगेन. आणि एकदम धडाधड मारू नकोस, नळी तापली की तिची चाल बदलते.

एक गोष्ट मात्र कर, नव्हे, करू नकोस. नेम धरायच्या साईटच्या स्क्रूला हात लावू नकोस! तीन गोळ्या बघून साईट फिरवणारा माणूस आपल्या सावलीमागे धावत असतो. आमच्याकडे नवीन पोरी हेच करतात आणि संध्याकाळी रडकुंडीला येतात.

अडकून पडल्याचं मला फार कौतुक सांगू नकोस. मीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत रायफली तपासायच्या बिनखिडक्यांच्या बोगद्यात असते. पण मला सहा वाजता दार उघडून मिळतं, हे खरं. मी उगीच चिडवलं. सांभाळून राहा. आणि अस्वलाच्या पंजाच्या खुणा दिसल्या का, तेही कळव. मला आपली उत्सुकता.

ताई


२० नोव्हेंबर
वरचं ठाणं

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मी स्क्रू फिरवला होता. आता बोल.

डावीकडे जात होत्या म्हणून उजवीकडे आणली. पुढच्या तीन उजवीकडे गेल्या. परत फिरवली. मग दोन वर आणि एक खाली. परत. अर्ध्याच्या वर डबा संपला आणि आता कुठे नेम धरला की गोळी कुठे जाईल हे देवालाच ठाऊक. तुमच्या कारखान्याला माझा नमस्कार सांग.

आठ दिवस धुकं उठलेलं नाही. खिडकीतून रोपवेचा ओटा तेवढा दिसतो, त्यापलीकडे सगळं पांढरं. दोर त्या पांढऱ्यात जातो आणि संपतो. खोलीला एक दार, एक खिडकी, दोन खाटा. मिस्तरीच्या खोकल्यावरून मला आता कळतं की तो कुठल्या कुशीवर आहे. परवा मी मुद्दाम त्याला विचारलं, "मिस्तरी, पीठ उन्हाळ्यापर्यंत पुरेल का हो?" तो म्हणाला, "एकाला पुरेल." आणि ताटातलं संपवून उठून गेला. असं कोणी बोलतं का?

कोठीतून आणखी गेलं. दोन पोती, तेलाचा डबा, खिळ्यांचा डबा. अस्वल फार हुशार आहे, जाताना बाहेरून कडी लावून जातं. पंजांच्या खुणा नाहीत. मी दुपारी झोपणं सोडलंय. डोळे मिटून पडतो आणि ऐकतो. ओट्यावर काहीतरी सरपटल्यासारखा आवाज येतो.

आता मला नेमकं एवढंच सांग. माझ्या खिडकीपासून ओट्यापर्यंत साठ-सत्तर पावलं आहेत. तेवढ्या अंतरावरून गुडघ्याच्या खाली गोळी मारायची असेल तर या रायफलचा भरवसा धरावा का? जिवे मारायचं नाही. फक्त नंतर कुठे पळता येऊ नये.

बारक्या


२४ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र मी बोगद्यातल्या बाकावर बसून लिहितेय, म्हणजे आईला माझं तोंड दिसायला नको.

अस्वल कडी लावून जात नाही. अस्वल खिळे खात नाही. आणि अस्वलाच्या गुडघ्याखाली जगात कोणी गोळी मारत नाही. तू कोणाच्या पायावर नेम धरून बसलायस ते मला कळलंय. तू मला अस्वल म्हणून सांगितलंस याचा मला राग नाही आला, मला धडकी भरली. स्वतःलाही तू अस्वलच सांगत असशील.

खालच्या ऑफिसात जाऊन सांगावं असं दहादा वाटलं. पण ते करणार काय? रायफल काढून घ्यायला वर यायचं तरी तोच पाळणा. म्हणजे तिथे तुम्ही दोघंच आहात आणि इथे माझ्या हातात फक्त पेन आहे.

म्हणून ऐक. ताई सांगते म्हणून ऐकायचं नसेल तर दहावाली सांगते म्हणून ऐक. साईटखाली धातूवर एक बारीक रेघ कोरलेली असते, ती आमची. स्क्रू फिरवून साईट त्या रेघेवर परत आण. मग रोज सकाळी एकच गोळी मार. गार नळी, तोच कागद, तीच खूण. मारलीस की रायफल भिंतीवर टांगायची, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. अशा दहा सकाळी. नवव्या दिवशी गोळी वाकडी गेली तर तीही धरायची, 'ही माझ्या हातून चुकली' म्हणून सोडायची नाही. दहा होईपर्यंत तिच्याबद्दल चांगलं नाही की वाईट नाही, काही ठरवायचं नाही.

आणि रोज मिस्तरीबद्दलही एकच गोष्ट मनात धर. त्या दिवशी त्याने जे केलं असेल ते. तुला आवडलेलं असो नाहीतर नावडलेलं, दोन्ही धर. तीन पोती गेली म्हणून तू त्याच्यावर शिक्का मारून मोकळा झालास. माझ्या साहेबांना मी जे करू देत नाही ते तुला कसं करू देऊ?

यात रायफलबद्दल एक अक्षरही खोटं नाही, ती अशीच तपासतात. पण मला ते दहा दिवस हवेत, हेही खरंच आहे.

आई विचारत होती, वजन आणखी वाढलं का. मी हो म्हणाले.

ताई


२४ नोव्हेंबर

मिस्तरी यांस,

आपली ओळख नाही. तुमच्याबरोबर राहतो त्याची मी मोठी बहीण. हे पत्र पाळण्यातून पहिल्यांदा तुमच्याच हाती येईल, म्हणून वेगळं पाकीट करतेय. त्याला दाखवू नका.

माझा भाऊ वाईट नाही. लहानपणी अंगणातल्या खोलीत चुकून कोंडला गेला होता तर दार उघडल्यावर तासभर त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं, आईलासुद्धा. तसाच तो आत्ता झालाय. त्याला वाटतंय की कोठीतलं सामान तुम्ही नेताय. खिडकीतून ओट्यावर तो रायफलचा नेम धरून बसतो, हे मला त्याच्या पत्रावरून कळलं. हे लिहिताना मला माझ्याच भावाची चहाडी केल्यासारखं होतंय, पण न लिहिता गप्प बसले असते तर मला पाणी गोड लागलं नसतं.

तुम्ही सामान नेत असाल तर का नेताय ते मी विचारणार नाही. काडतुसं दडवा. दुपारी ओट्यावर जाऊ नका. आणि जमलं तर त्याच्याशी बोला. तुम्हाला बोलायची सवय नाही असं कळलं, तरी बोला.

त्याची ताई


४ डिसेंबर
वरचं ठाणं

ताई,

म्हणजे आता मी वेडा ठरलो. छान. तुझ्या पत्राने दोन दिवस माझं डोकं भणभणत होतं. तरी तू सांगितलंस तसं केलं, कारण तू सांगितलेलं न करायची मला सवयच नाही.

साईट रेघेवर आणली. सहा सकाळी सहा गोळ्या झाल्या. एक जरा डावीकडे, एक वर, दोन जवळपास खुणेवरच, एक उजवीकडे, एक खाली. खुणेभोवती सगळीकडून. मूठ झाकेल एवढ्यात. तुझी रायफल तशी ठीकच दिसतेय, वाकडं मीच केलं होतं. हे कबूल करताना मला किती जड जातंय ते तुला माहीत आहे.

आता मिस्तरी. धरत गेलो रोज एक.

रविवारी त्याने माझ्या फाटलेल्या बुटाला न सांगता टाके घातले. सोमवारी दिवसभर एक शब्द नाही. मंगळवारी उरलेली साखर गेली. बुधवारी मला ताप होता, तर कपाळावर हात ठेवून बघून गेला आणि अर्ध्या तासाने गरम पाणी आणून दिलं. गुरुवारी, ताई, गुरुवारी त्याने मला वजन विचारलं! मी भांडी घासत होतो, मागून आला आणि म्हणाला, "तुझं वजन किती भरेल?" मी म्हटलं, का? तर म्हणाला, "असंच." बोकड विकत घ्यायचाय का त्याला? मी सांगितलंच नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत नजरेनं मोजलं आणि गेला. त्या दिवशी मी खाटेखाली सुरी घेऊन झोपलो.

आणि आज. आज दुपारी धुकं जरा विरळ झालं आणि मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याने चक्राच्या खोलीतून पोती काढली, आपलीच पोती, एकत्र दोरीने बांधलेली. पाळण्यात टाकली आणि ब्रेक सोडला. पाळणा धुक्यात गेला. खालचे लोक फक्त शनिवारी येतात आणि आज शुक्रवार. म्हणजे मध्ये कुठेतरी त्याचा कोणी साथीदार आहे, नाहीतर जागा आहे. आपलं खाणं तो बाहेर काढतोय आणि मग एक दिवस स्वतःही निघून जाणार. 'एकाला पुरेल' म्हणाला होता ना? मी मागे राहणार, ताई. उन्हाळ्यापर्यंत, एकटा, रिकाम्या कोठीशेजारी.

आता दहाची गरज नाही. सहा झाल्या, त्या पुरेत. परवा रविवारी दुपारी मी रायफल घेऊन ओट्यावर जाणार आहे. तो पोती पाळण्यात टाकेल तेव्हाच विचारणार. उत्तर नीट आलं तर ठीक.

हे पत्र उद्या त्याच्याच हाताने पाळण्यात जाईल. जाऊ दे. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलंय.

बारक्या


८ डिसेंबर

बारक्या, अरे बारक्या,

रविवार होऊन गेला. मी पत्र आज वाचतेय आणि रविवार होऊन दोन दिवस झाले. तरी लिहितेय, कारण दुसरं काय करू?

त्याने तुझं वजन का विचारलं, ते मला तुझी ओळ वाचताक्षणीच कळलं. मी रोज हेच काम करते म्हणून कळलं. पोती एकत्र बांधलेली होती असं तू लिहिलंयस. खिळ्यांचा डबा, तेलाचा डबा, साखर. अरे, ते खाणं नाही, ते ओझं आहे! तो माणसाएवढं ओझं करून पाळण्यात घालतोय, कललेल्या खांबापर्यंत सोडतोय आणि परत ओढून घेतोय. खांब माणूस पेलेल का ते बघतोय. एकदा गेलं म्हणून लगेच त्यात माणूस बसवत नाहीये. तीन वेळा गेलं तरी नाही. पाळणा परत येतो का, ते तू थांबून पाहिलंस का? नाही पाहिलंस. खिडकीतून वळलास आणि पत्र लिहायला बसलास.

त्याने तुला आधीच का नाही सांगितलं, म्हणून चिडशील. सांगितलं असतं तर तू पहिल्याच खेपेला उडी मारून आत बसला असतास. एकदा बसला होतासच.

आई तुझं वजन विचारते आणि तोही विचारतो. तुझं वजन विचारणाऱ्या माणसांना तू घाबरतोस, वेड्या.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. साहेबांना रजा मागितली तर म्हणाले, कारण लिहा. मी लिहिलं, घरचं माणूस अडकलंय. आईला सांगितलं की रायफलींच्या कामाला बाहेरगावी जातेय. मी खालच्या ठाण्यावर येतेय.


११ डिसेंबर
खालचं ठाणं

कालपासून इथे आहे. इथल्या ब्रेकवाल्याला त्याच्या घरी जाऊन गाठलं, तो म्हणतो, शनिवारशिवाय पाळणा हलवायची परवानगी नाही. मी त्याच्या हातापाया पडले, तो म्हणाला, "बाई, माझीही नोकरी आहे." वर बघायला गेलं तर नुसतं पांढरं. हाक मारली तर आवाज माझ्याच अंगावर परत येतो.

आज दुपारी दोर हलला. मी धावत इथल्या खांबाशी गेले. दोर बराच वेळ सरकत होता, मग थांबला, मग उलटा सरकू लागला. म्हणजे वर कोणीतरी चक्र फिरवतंय. पण फिरवायला एकच माणूस पुरतो. तो कोण, ते मला इथून कळत नाही. दोराला हात लावून उभी राहिले, त्यावरूनही कळत नाही.

मी उद्या हे पत्र वर पाठवीन. वाचायला तिथे दोघंही असू द्या.

ताई


११ डिसेंबर
वरचं ठाणं

ताईंस,

हे पत्र तुमच्या भावाच्या खिशात आहे. त्याला वाचू देऊ नका. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलं आहे, तसं चिकटवायला मी त्याच्याकडूनच शिकलो.

मला लिहायची सवय नाही. चूकभूल असेल.

तुमचं पत्र मला मिळालं होतं. काडतुसं दडवली नाहीत. दडवली असती तर त्याची खात्रीच पटली असती. ओट्यावर जाणंही थांबवलं नाही. खांब तपासायला किती खेपा लागतील याचा मी आधी विचार केला होता. पहिल्या तीन खेपा उत्तम गेल्या. चौथ्या खेपेला खांब थोडा बोलला, म्हणून तारा आवळून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वीस खेपा बिनआवाजी गेल्याशिवाय माणूस बसवायचा नाही असं ठरवलं. वजन त्याने सांगितलं नाही, म्हणून अंदाजाने जास्तच धरलं. माणूस हडकला आहे, आईला आधी सांगून ठेवा.

खिडकीतली नळी मला तुमच्या पत्राच्या आधीपासून दिसत होती. पाठ करून काम करताना मान अवघडते, बाकी काही नाही. भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटली. पण तिथून हललो असतो तर खेपा राहिल्या असत्या, आणि तो इथे उन्हाळ्यापर्यंत टिकला नसता. भिंतीशी बोलायला लागला होता.

रविवारी तो रायफल घेऊन ओट्यावर आला. तेव्हा एकूणातली चौदावी खेप चालू होती. मी म्हणालो, "काय रे?" तो म्हणाला, "अस्वलासाठी आणलीय." मी म्हणालो, "बरं." आणि चक्र फिरवत राहिलो, कारण खेप मध्ये थांबवून चालत नाही. तो नळी जमिनीकडे करून उभा होता, पण बोट चापावर होतं. पाळणा धुक्यातून परत आला. पोती आत तशीच होती. त्याने बराच वेळ पोत्यांकडे पाहिलं.

"हे परत येतं?" त्याने विचारलं.

"यायलाच पाहिजे."

"कोणासाठी करताय?"

"माझं वजन मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी तुझं विचारलं होतं."

तेव्हा तो खाली बसला आणि पुष्कळ रडला. अस्वलाच्या भीतीने रडू आलं म्हणाला. मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं, किती झाल्या? चौदा. किती करायच्या? वीस. मला वाटलं आता लगेच सोडा म्हणेल. पण डोळे पुसून म्हणाला, "वीस म्हणजे वीस. माझी ताईसुद्धा तीनवर ऐकत नाही." उरलेल्या सहा खेपांना चक्र त्यानेच फिरवलं. विसावी आज दुपारी झाली. त्याच्या दहा गोळ्याही झाल्या. कागद त्याच्याकडे आहे, तुम्हाला दाखवायचा म्हणून दुमडू देत नाही.

एक गोष्ट मी त्याला शेवटपर्यंत सांगितली नव्हती. पाळणा सोडताना ब्रेक वरून धरावा लागतो. म्हणून एक माणूस वर राहतोच. काल सांगितलं. तो बसायला तयार होईना. चिठ्ठ्या टाकू म्हणाला. मी म्हणालो, तुला ब्रेक धरता येत नाही, तर चिठ्ठ्या कशाच्या टाकतोस? खालच्यांनी माणूस बसवायला मनाई केली आहे, तेव्हा उद्या ते आले की पीठ चढवायच्या आधीच मी पाळणा सोडणार. त्यांना काय बोलायचं ते मला बोलू द्या, मी इथे आहेच.

माझी काळजी नको. कोठीत आहे ते एकाला उन्हाळ्यापर्यंत पुरतं. पोती सगळी परत जागेवर ठेवली आहेत. खोलीत त्याची खाट रिकामी राहील, ती मी काढणार नाही. त्याला सांगा, शनिवारी पत्र पाठवत जा. त्याच्यासारखी बडबड मला येत नाही, पण ऐकायची सवय लागली आहे.

शेवटचं. मला नळी दिसत होती हे त्याला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका. मी या ठाण्यावर एकवीस वर्षं आहे आणि या डोंगरावर कोणी कधी अस्वल पाहिलेलं नाही. पण त्याने कधी विचारलं, तर मिस्तरीला अस्वल खरंच वाटलं होतं, असं सांगा.

मिस्तरी